पोशीचं घर

प्रिय रेवा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर रेवाने तिच्या शाळेच्या सहलीचं सांगितलं. तिकडच्या गवताळ माळावरचं एक जुनं घर त्यांना दाखवलं. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या भिंती, एकच खिडकी आणि आत एका बाईचा फोटो. ती बाई ओसाड माळावर आली, तिने जमीन फोडली आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. मग रेवाने विचारलं, "आजी, आपल्यात अशी कोणी होती का?" मी "होती" म्हणाले, तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईने मोठ्याने वाचून दाखवावं. तिलाही यातलं सगळं माहीत नाही.

आपल्यातली ती बाई म्हणजे तुमच्या आईची आजी, माझी सासू. नाव पोशी. आम्ही सगळे तिला आय म्हणत असू आणि शेजारची माणसं पोशीआय.

कामणच्या रस्त्यावर आज गोदामांची रांग दिसते. तिच्यामागे खाडीच्या दिशेने गेलं की आमची खार लागते. खार म्हणजे खाडीच्या भरतीचं पाणी जिच्यावर पसरतं ती जमीन. आय तिथे आली तेव्हा तिथे तिवरांची झुडपं, चिखल आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, एवढंच होतं. जो खाडीला बांध घालील त्याने ही जमीन कसावी, अशा बोलीवर सरकारने ती दिली होती. पाच कुटुंबं पुढे आली, त्यातलं एक आयचं. दोघं नवराबायको, तीन वर्षांचा मुलगा आणि पोटात मुलगी. मुलगा म्हणजे तुमचे आजोबा दामोदर आणि मुलगी म्हणजे त्यांची बहीण कमळ. एका उंचवट्यावर त्यांनी कुडाचं घर बांधलं. प्यायचं पाणी पाऊण तासाच्या वाटेवरून डोक्यावर आणायचं. पाच घरांनी दोन उन्हाळे माती टाकून बांध उभा केला. तरी बांध झाला म्हणून लगेच भात पिकत नाही. पावसाचं पाणी शेतात साठवायचं, त्यात मातीतलं मीठ उतरू द्यायचं आणि ओहोटीला ते पाणी खाडीत सोडायचं. असे दोन-तीन पावसाळे गेले की जमीन गोडी होते.

जमीन गोडी व्हायच्या आधीच आयचा नवरा तापाने गेला. कमळ तेव्हा चार महिन्यांची होती.

आयचे भाऊ तिला न्यायला बैलगाडी घेऊन आले. तिने त्यांना भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, दामूला मामांच्या मांडीवर बसवलं आणि जेवणं झाल्यावर म्हणाली, "ओहटी हाय तोवर निगा. मागनं गाडी रुतंल." भाऊ समजले. रिकामी गाडी परत गेली.

हे मला तिने सांगितलेलं नाही. आय स्वतःबद्दल कधी बोलायची नाही. मला जे ठाऊक आहे ते शेजारच्या सोनूबाईकडून. सोनूबाईच्या तोंडाला मात्र कसलीच आडकाठी नव्हती.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा आय पन्नाशीच्या आतबाहेर होती. ठेंगणी, काळीसावळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. मी आमच्याच समाजातली, पण वडील रेल्वेत, त्यामुळे मी ठाण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या पेटीत इंग्रजी पुस्तकं होती आणि चिखलात चालण्याजोगी एकही चप्पल नव्हती. आयने पेटी उघडून पाहिली आणि पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून ती पेटी चार विटांवर ठेवून दिली. 

तिचं घड्याळ खाडीत होतं. "ओहटीला जा", "पानी चडलं की ये", "भरतीच्या आदी जेवून घ्या", असंच ती बोलायची. तिथीवरून तिला पाण्याची वेळ कळायची. लग्नाचं आमंत्रण आलं तर मुहूर्त ऐकून ती आधी त्या वेळी पाणी कुठे असेल याचा हिशेब करायची. उघाडीवर कोण थांबेल हे ठरल्याशिवाय तिने कुणालाच येते म्हणून कबूल केलं नाही. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. पावसाचं पाणी बाहेर सोडायला ते उघडायचं आणि भरती यायच्या आत बंद करायचं.

माती ती जिभेवर ठेवून पाहायची. चिमूटभर चिखल घ्यायचा, चव बघायची, थुंकायचं आणि निकाल द्यायचा. पुढे आम्ही वसईला फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या गॅलरीतल्या तुळशीची मातीही तिने चाखली. "गोडी हाय, पन उपाशी हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दामोदरांना शेणखत आणायला लावलं.

रोज, दिवसाच्या पहिल्या ओहोटीत, ती आपल्या वाट्याच्या बांधावर फेरी मारायची. बांधाला खरी भीती लाटांची नसते, चिंबोऱ्यांची असते. त्या बांधात बिळं करतात. बोटाएवढ्या बिळातून पाणी वाट काढतं आणि दुपारपर्यंत बांध फुटतो. आय काठीने प्रत्येक बीळ शोधायची, चिखलाचा गोळा कोंबायची आणि टाचेने दाबायची. चिंबोरी हाती लागली तर ती पदरात. आमच्या कालवणाची सोय बरेचदा अशी व्हायची.

तुमच्या आजोबांनी पहिल्या पगारातून तिच्यासाठी मुंबईहून काळे गमबूट आणले. चिखलात तिने ते कधी घातले नाहीत, कारण चिखल पायाला कळला पाहिजे असं तिचं म्हणणं. पण आगाशीच्या बाजारात ती ते घालून जायची. एकदा निर्मळला कमळच्या सासरी पूजेला तिने तेच घातले. वर नवं लुगडं, नाकात नथ आणि खाली गमबूट. कमळला लाजेने बोलवेना. आय मात्र ओट्यावर पाय पुढे करून बसली होती, आणि कुणी विचारलं की शांतपणे सांगायची, "लेकानं आनलेत."

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते.

लग्नानंतरचा माझा पहिलाच पावसाळा. नोकरी अजून लागायची होती. घरात माझा काही उपयोग होत नाही हे मला टोचत होतं. एक दिवस आय आणि सोनूबाई पलीकडच्या गावी मयताला गेल्या. जाताना आयने सांगितलं होतं की उघाडी ती येऊन उघडेल. पण दुपारी शेतात पावसाचं पाणी फार चढलं. मी व्यवस्थित बाई. पेपरात मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्याचं कात्रण मी ठेवलेलं होतं. त्यावरून पाणी उतरलेलं असणार असा हिशेब केला, छत्री घेऊन उघाडीवर गेले आणि फळ्या वर ओढल्या. पाणी बाहेर जाण्याऐवजी आत आलं. फळ्या पुन्हा खाली जाईनात. मी छत्री टाकून त्यांच्यावर उभी राहिले, तरी नाही. आय परत आली तेव्हा मी रडत होते आणि पाणी आवणापर्यंत, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांपर्यंत पोचलं होतं.

तिने फळ्या बसवल्या, पाणी चाखलं, माझ्या हातातलं भिजलेलं कात्रण घेतलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

मी वेळ वाचून दाखवली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "मुंबयचा दर्या तवा उतरतो. मग आपल्या खाडीचं पानी निगतं. त्याला यवढं लांब चालायचं हाय, बाय."

आमचं निम्मं आवण करपलं. चौथ्या दिवशी चारही घरांतून रोपांच्या मुठी आल्या. कुणी चार आणल्या, कुणी दहा. सोनूबाईने तिच्या मुठी ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "पोशे, तुझी सून शिकलेली हाय. आजून दोन पेपर घेतलेस तर आख्खी खार धुवून काढील." सगळे हसले. आयही हसली आणि तिला पाहून अखेर मीही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथली आहे. दुसऱ्या दिवसापासून आयने मला फेरीला बरोबर न्यायला सुरुवात केली.

त्याच फेऱ्यांत सोनूबाईने मला ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

खारीत एक रीत होती. पावसाच्या तोंडाशी बांधाची डागडुजी सुरू व्हायची. त्या दिवशी पाची घरांची माणसं बांधावर जमायची. सगळ्यांत वडील कान्हूबुवा, सोनूबाईचा नवरा, एकेका घराच्या कर्त्या पुरुषाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव त्याने "हाय" म्हणायचं आणि आपल्या वाट्याच्या बांधावर मातीचा पहिला गोळा टाकायचा. ज्या घरातून "हाय" आलं नाही, त्याचा बांध आणि त्यामागची जमीन बाकीच्यांनी वाटून घ्यायची. ही रीत दुष्टपणाची नव्हती. एका घराचा बांध सुटला तर पाची घरं बुडतात.

नवरा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात आय टोपली घेऊन बांधावर उभी राहिली. कान्हूबुवा चांगला माणूस. त्याने तिच्या भल्यासाठीच वाट काढली आणि हाक मारली, "दामूचं घर." दामू तेव्हा चार वर्षांचा. आय गप्प. त्याने पुन्हा हाक मारली. आय गप्पच.

"पोशे, आयकाला येत नाय काय?"

"येतं. दामू घरात निजलाय. मोटा होऊन येईल तवा त्याचं नाव घ्या. आज मी आलेय."

"बायकांचं नाव घ्यायची रीत नाय."

"मग नका घेऊ," आय म्हणाली आणि आपल्या वाट्याकडे जाऊन माती टाकायला लागली.

तीन वर्षं असं चाललं. कान्हूबुवा चार नावं घ्यायचा, मग थोडा थांबायचा आणि खाकरायचा. आय टोपली उचलायची. तिला कुणी हाकललं नाही आणि मोजलंही नाही. जमीन हळूहळू गोडी होत होती आणि ती आपली राहील की नाही हे तिला माहीत नव्हतं. मुलांचं पोट त्याच जमिनीवर होतं.

त्या तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येचं उधाण होतं. कमळला रात्रभर ताप होता, म्हणून त्या सकाळी आयने फेरी मारली नाही. दुपारी बाराच्या भरतीला तिच्याच वाट्यात खांड पडली, म्हणजे बांध फुटला. सोनूबाई धावत गेली तेव्हा तिला दिसलं की आयने आपल्या घराचं दार चौकटीतून उखडून आणलंय, ते खांडीत आडवं घातलंय आणि त्याला पाठ लावून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे. बाकीची माणसं आली, लाकडाच्या मेढी ठोकल्या, माती भरली. तासाभरात पाणी थांबलं. चार घरांचं भात वाचलं. आयचं शेत खांडीला लागून, ते सगळं खारं झालं.

संध्याकाळी सगळे आयच्या बिनदाराच्या घरासमोर बसले. काय व्हायचं ते आयला दिसत होतं. कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "खांड माझ्या वाट्यात पडली. सकाळी मी फेरी मारली नाय." ताप आलेल्या पोरीचं तिने नावही काढलं नाही.

 तेव्हा सोनूबाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "दोन सालांमागं तुझ्या वाट्यात पडली ती? तवा तू घोरत व्हतास. तू खार सोडलीस?"

कान्हूबुवा उठून गेला. सोनूबाई म्हणायची, त्याने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि तिला ते दोन दिवस फार बरे गेले.

पुढच्या पावसाळ्यात बांधावर सगळे जमले. कान्हूबुवाने चार नावं घेतली, थांबला, खाकरला. मग म्हणाला, "पोशीचं घर."

"हाय," आय म्हणाली.

एवढंच झालं. मी सोनूबाईला विचारलं, आय रडली का, हसली का? ती म्हणाली, "रडंल कशाला? गोळा टाकला न् टोपली भरायला गेली."

त्या जमिनीवर दामोदर शिकले, बँकेत लागले. त्याच जमिनीच्या भातावर तुमची आई वाढली. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुमच्या आईला सांभाळून आयने माझी तीस वर्षांची नोकरी पार पाडली. तिचे माझ्यावर इतके उपकार आहेत की एक सांगायला गेलं की दुसरा राहतो. पण एक गोष्ट अशी आहे जी मी कुणाला सांगितली नाही. ती तुम्हाला सांगायला हवी, कारण तुमचा तिच्याशी संबंध आहे.

आय नव्वदीला टेकली होती. गोदामं आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आली होती आणि सगळे नातेवाईक म्हणत होते की आय आहे तोवर कागदपत्रं करून घ्या. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी फाइल केली, सातबारा लावला, वकिलाकडून जमीन दामोदरांच्या नावे करण्याचा मसुदा आणला आणि आमच्याकडे सगळेच करतात त्याप्रमाणे कमळच्या सहीचा हक्कसोडीचा कागदही हाताने लिहून तयार ठेवला. त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. बहिणी सह्या करतात. कमळ तर आनंदाने आली होती, येताना निर्मळच्या वाडीतली केळी आणि मोगरा घेऊन.

आय खाटेवर बसली होती. म्हणाली, "वाच."

मी सगळं वाचलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "यात कमळचं घर कुटं हाय?"

मी म्हटलं, "कमळताईंचं घर निर्मळला आहे ना, आय."

"ते तिच्या नवऱ्याचं. मी खारीतलं इचारतेय."

 कमळच म्हणाली, "आय, मना नको. भावाकडून जमीन घेतली तर म्हायेर तुटतं. लोक काय बोलतील?"  तिला खरंच भीती होती. जमीन घेतलेल्या बहिणीला पुढे गणपतीला कुणी बोलावत नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

आय तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "मना कोनी बोलवत नव्हतं, तरी मी तीन सालं उभी रव्हले. तुना मी बोलवतेय, तर तू बसून रव्हतेस?"

 मी दामोदरांकडे पाहिलं. तुमच्या आजोबांनी माझ्या हातातून हक्कसोडीचा कागद घेतला, त्याची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "दुसरा कर," मला म्हणाले. आणि कमळकडे वळून, "फुकट नाही मिळायची. अर्धी जमीन तर अर्धा बांधही तुझा. आणि गणपतीला मोदक तूच करायचे, तुझ्या वहिनीचे फुटतात."

कमळ रडता रडता हसली. मी मात्र आत जाऊन पाण्याचा तांब्या भरत उभी राहिले. मी इतकी शिकलेली, मुलींना शाळेत समान हक्काचे धडे शिकवलेली आणि तो कागद माझ्याच सुवाच्य अक्षरात होता. वाचता न येणाऱ्या बाईला त्यात काय राहिलं ते पहिल्यांदा ऐकताच कळलं. त्यासाठी तिने मला एका शब्दानेही दुखवलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "वाचलंस चांगलं."

नवा कागद झाला. त्यानंतर आमच्या वाट्याचाही झाला, आणि त्यात तुमच्या मामाइतकाच तुमच्या आईचाही वाटा आहे. म्हणून रेवा, तू पाहिलेल्या घराइतकीच ही खारही तू येऊन पाहण्याजोगी आहे. कधी आलात तर दाखवीन.

कागद झाल्यावर चार दिवसांनी आयने हट्ट धरला की तिला बांधावर न्या. रिक्षा जिथवर जाते तिथवर रिक्षाने आणि पुढे कमळचा आणि माझा हात धरून. बांध आता पूर्वीचा नाही, खाडीच्या अंगाला दगड लावलेत. ओहोटी होती. आयला एका दगडावर बसवलं. तिने कमळला चपला काढायला लावल्या आणि तिच्या वाट्याचा बांध जिथून सुरू होतो तिथे उभं केलं.

"चाल," म्हणाली. "तुझं कुटवर ते मी सांगतेय."

कमळ चालायला लागली. साठी उलटलेली बाई, हातात पदर, चोरून चालल्यासारखी. थोडं गेली आणि थांबून वळली. एवढं पुरे, अशा अर्थाने. आयने मान हलवली. कमळ पुन्हा थोडं चालली, पुन्हा थांबली. आता आयचा आवाज तिथवर पोचत नव्हता. आयने हात वर केला आणि पुढे जा, पुढे जा, असा हलवत राहिली.

त्या हिवाळ्यात आय गेली. मला ती आठवते ती तशीच, दगडावर बसलेली, पाठ ताठ, हात वर. पलीकडे कमळ लहान लहान होत चालली होती आणि आयचा हात काही खाली येत नव्हता.

तुमची,
आजी